वाचकांचे प्रश्न: भांडणाच्या आधीचा अर्धा तास

या वेळी आलेल्या पत्रांमधली निम्मी पत्रं एकाच गोष्टीवर आहेत, पोरांची मारामारी. मडगाव, म्हापसा, वास्को, डिचोली, सगळीकडून. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि आज ह्याच्यावरच लिहिते. पत्रं थोडी कापलीत, गाव ठेवलंय, नावं काढलीत. मी फोंड्यात २७ वर्षं शाळेत शिकवलं, निवृत्त झाल्यावर आमच्या भागातल्या पोरांबरोबर आणि त्यांच्या आईवडलांबरोबर बसते, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते थोडं वाचून आणि बरंचसं बघून.

प्रश्न: ताई, माझा मुलगा अकरावीत आहे. मागच्या महिन्यात सुट्टी झाल्यावर बस स्टँडच्या मागे दोन गटांची मारामारी झाली, एकाच्या हातात कागद कापायचा कटर होता, दुसऱ्याच्या दंडाला आठ टाके पडले. कारण काय तर इन्स्टाच्या स्टोरीवर कोणीतरी हसायचा इमोजी टाकला. आता दुकानदार म्हणतात कॅमेरे लावा, शाळा म्हणते गेटच्या बाहेरचं आम्ही बघत नाही, पोलीस म्हणतात तक्रार द्या, आणि आम्ही आया ग्रुपवर एकमेकींना तो व्हिडिओ पाठवतोय. आम्ही साध्या माणसांनी नेमकं करायचं काय? (एक आई, मडगाव)

आधी एक काम आजच करा, तो व्हिडिओ पुढे पाठवणं थांबवा आणि ग्रुपवर तसं स्पष्ट लिहा. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा प्रकरणातल्या मुलाची ओळख पटेल असं काही पसरवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कायदा बाजूला ठेवला तरी तो व्हिडिओच पुढच्या भांडणाचं बी आहे हो. ज्याने मार खाल्ला तो रोज रात्री स्वतःला मार खाताना बघतो, त्याचे मित्र बघतात, वर्गातल्या मुली बघतात, आणि मग त्याला वाटतं आता काहीतरी केलं नाही तर तोंड दाखवायला जागा नाही. एक कॉपी जखमी मुलाच्या घरच्यांकडे राहू दे, पोलिसांना लागली तर देता येईल, बाकी सगळ्यांनी डिलीट करा.

आता मोठं काम. तुमच्या पत्रात प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलंय आणि त्यात प्रत्येकजण थोडा खरा आहे, कारण प्रत्येकाला थोडंथोडंच माहीत आहे. दुकानदाराला दुकानासमोरचं, शाळेला गेटच्या आतलं, पोलिसांना तक्रार आली तेवढंच, इस्पितळाला टाके किती पडले ते. पोरगा मात्र एकच आहे, तो ह्या सगळ्यांच्या समोरून रोज जातो.

वेल्समध्ये कार्डिफ म्हणून शहर आहे, तिथे जोनाथन शेपर्ड नावाचे जबड्याचे सर्जन होते. त्यांच्याकडे मारामारीत जबडा फुटलेले, बाटलीने चेहरा कापलेले लोक यायचे, आणि त्यांच्या लक्षात आलं की यातल्या कितीतरी लोकांची पोलिसांकडे नोंदच नाही, म्हणजे पोलीस ज्या नकाशावर काम करत होते तो अर्धाच होता. मग इस्पितळाच्या काउंटरवर साधे प्रश्न विचारायला सुरुवात झाली, कुठे झालं, किती वाजता झालं, कशाने मारलं. नाव नाही, पत्ता नाही. ही माहिती दर महिन्याला पोलीस आणि नगरपालिका यांच्यासमोर ठेवायची आणि मग कुठल्या रस्त्यावर किती वाजता माणूस उभा करायचा, कुठल्या बारला समज द्यायची ते ठरवायचं. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याचा अभ्यास छापून आला, मारामारीमुळे इस्पितळात भरती होण्याचं प्रमाण कार्डिफमध्ये महिन्याला लाखामागे ७ वरून ५ वर आलं आणि त्याच काळात तशाच दुसऱ्या शहरांत ते ५ वरून ८ वर गेलं. पैसे फार लागले नाहीत, फक्त एकमेकांशी न बोलणारी माणसं बोलायला लागली.

आता म्हणाल कार्डिफ कुठे आणि आपण कुठे. म्हणून आमच्या वाड्यावर काय केलं ते सांगते. आमच्याकडेही असंच एक भांडण झालं होतं, हेल्मेटने डोकं फोडलं होतं एका पोराचं. त्यानंतर आम्ही दहाबारा जण एका स्पोर्ट्स क्लबच्या खोलीत बसलो. देवळाचा सभामंडप घेतला नाही, चॅपेलचा हॉल घेतला नाही, कुठल्या पार्टीचं ऑफिस तर नाहीच, कारण कोणाला तरी आत यायला अवघड वाटलं असतं. स्टेज नाही, दीपप्रज्वलन नाही, शाल-श्रीफळ नाही. प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडल्या. आले कोण, तर फार्मसीवाला, पायलट स्टँडवरचे (म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाले) दोघे, शाळेचे पीटी सर, आरोग्य केंद्रातली नर्स, खाजगी बसचा कंडक्टर, संध्याकाळी रस ऑमलेटचा गाडा लावतो तो, तीन आया, पोलीस ठाण्यातले बालकल्याण अधिकारी (प्रत्येक ठाण्यात असा एक अधिकारी नेमलेला असतो, बऱ्याच लोकांना हे माहीतच नसतं) आणि एक गवंडीकाम करणारे वडील, ज्यांचा मुलगा त्या भांडणात होता. ते सगळ्यात शेवटी दाराजवळच्या खुर्चीवर बसले, चप्पल बाहेर काढून.

जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मी वाड्याचा नकाशा काढला आणि प्रत्येकाला म्हटलं, कोणाचं नाव घ्यायचं नाही, फक्त कुठे आणि किती वाजता काय दिसतं ते सांगा. फार्मसीवाला म्हणाला, शुक्रवारी आणि शनिवारी रात्री पोरं बँडेज आणि जखमेचं मलम घ्यायला येतात, एकजण आत येतो आणि दोघे बाहेर गाडीवरच बसून राहतात. गाडेवाला म्हणाला, अमुक प्लॉटच्या मागे दिवा गेलाय तेव्हापासून पोरं तिथेच असतात. नर्स म्हणाली, जखमा बघून कळतं पडल्याने झालंय की मारल्याने, पण पोरं नेहमी सांगतात गाडीवरून पडलो. आणि मग पायलट, जो तोवर गप्प होता, तो म्हणाला, बाय, झगडें आदींच थारता. म्हणजे भांडण आधीच ठरतं. सुट्टी एकला होते, मारामारी दीडला होते, पण सव्वाबारा-साडेबारालाच दोनतीन गाड्या येऊन स्टँडला चक्कर मारून जातात, कोण आलंय, कोण नाही, बघून जातात. तो रोज तिथेच उभा असतो ना, त्याला सगळं दिसतं, पण त्याला कधी कोणी विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी मला कळलं की आपण सगळे भांडणानंतरच्या तासावर काम करतो आणि काम करायचं असतं भांडणाच्या आधीच्या अर्ध्या तासावर.

मग बघितलं तर शाळा सुटायची एकला आणि त्या बाजूची बस निघायची पावणेदोनला. पंचेचाळीस मिनिटं साठ-सत्तर पोरं उन्हात, पोटात भूक, काम काही नाही. बसमालकाशी बोललो, त्याने गाडी सव्वाला सोडायचं कबूल केलं. पीटी सर आणि पाळीपाळीने दोन आया स्टँडवर उभ्या राहायला लागल्या, ओरडायला नाही हं, नुसत्या उभ्या, पोरांशी बोलत, कोणी जेवलं नसेल तर पाव देत. प्लॉटवरचं रान मालकाला सांगून कापून घेतलं, दिव्यासाठी तीन अर्ज करावे लागले. रान काढणं आणि दिवा लावणं ह्याला हलकं समजू नका, अमेरिकेत फिलाडेल्फियात पडीक प्लॉट साफ करून हिरवे केले तर गरीब वस्त्यांमध्ये बंदुकीचे प्रकार २९ टक्क्यांनी कमी झाल्याचा अभ्यास २०१८ साली आला होता. आणि पायलटांनी एक केलं, त्या गाड्या दिसल्या की पीटी सरांना एक फोन, पोलिसांना नाही, आधी सरांना. भांडणं संपली असं मी म्हणणार नाही. त्या जागची थांबली. आणि ते गवंडी वडील दुसऱ्या मीटिंगला चप्पल घालून आत आले आणि पुढे बसले, ते मला जास्त मोठं वाटतं.

तुम्ही हे पाच आयांनी सुरू करू शकता. पहिल्या मीटिंगला सगळे येणार नाहीत, पायलट आणि फार्मसीवाला आले तरी पुरे. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, भांडण झालं असो वा नसो. हे शेवटचं सगळ्यात कठीण आहे, भांडण झालं की हॉल भरतो आणि तीन महिने शांत गेले की चार माणसं उरतात, त्या चार माणसांनी मीटिंग सोडायची नाही.

प्रश्न: तुम्ही लोक काहीही म्हणा, आमच्या गोव्यात हे असलं पूर्वी नव्हतं. ही सगळी बाहेरून आलेल्यांची पोरं. त्यांच्यावर आधी लक्ष ठेवा. (म्हापसा)

नाही पटत. मी ज्या भांडणांमध्ये मधे बसले त्यात इथे सात पिढ्या राहिलेल्यांची पोरं होती आणि कर्नाटकातून, यूपीतून आलेल्यांचीही होती, आणि बहुतेक वेळा दोन्ही गटांत दोन्ही होती. पोरं आपसात कोंकणीतच शिव्या देतात हो, त्यांना बाहेरचं-आतलं आपण शिकवतो. ज्या मुलाला पहिलीपासून आपण घाटी म्हणून हाक मारली तो पंधराव्या वर्षी ज्या चार पोरांनी त्याला भाऊ म्हटलं त्यांच्यासाठी हात उचलणारच, आणखी काय करणार?

ग्लासगोचं उदाहरण घ्या, स्कॉटलंडमधलं. एकेकाळी युरोपातलं सगळ्यात जास्त खुनांचं शहर म्हणून त्याचं नाव झालं होतं, सुऱ्या घेऊन फिरणाऱ्या पोरांच्या टोळ्या, आणि ती पोरं कुठूनही आलेली नव्हती, आजोबा-पणजोबांपासून त्याच गल्लीतली. २००५ साली तिथल्या पोलिसांनीच हिंसाचार कमी करण्यासाठी वेगळा विभाग काढला आणि ह्या गोष्टीकडे साथीच्या रोगासारखं बघायचं ठरवलं, म्हणजे डॉक्टर, शिक्षक, समाजसेवक, घरं देणारं खातं, सगळे एकत्र. साथ आली की आपण आधी विचारतो कुठून पसरतेय, कोणाला होऊ शकते, थांबवायची कशी. कोण कुठल्या गावचा हे विचारून मलेरिया जात नाही.

एक करा. तुमच्या भागात मीटिंग ठेवलीत तर बोलावण्याचा कागद कोंकणी-मराठीबरोबर हिंदीत आणि कन्नडमध्येही काढा आणि रविवारी ठेवा, कारण रोजंदारीवरच्या माणसाची एक दिवसाची मजुरी बुडाली तर तो परत येणार नाही.

प्रश्न: ताई, आमचं नरकासुराचं मंडळ आहे, दिवाळीला नरकासुराचा मोठा पुतळा करून रात्री मिरवतो आणि पहाटे जाळतो. मी ३४ वर्षांचा, सेक्रेटरी. दरवर्षी पहाटे तीनच्या सुमारास शेजारच्या वाड्याच्या पोरांशी राडा होतो, गेल्या वर्षी एकाला दांड्याने मारलं. आम्हाला मंडळ बंद करायचं नाहीये. काय करता येईल? (वास्को)

बंद अजिबात करू नका. तुम्ही लिहिलंय म्हणजे तुम्हाला काळजी आहे आणि सेक्रेटरीला काळजी असणं हे अर्धं काम आहे.

मी नरकासुर करणाऱ्या पोरांना जवळून बघितलंय. जो पोरगा दहावीत दोनदा नापास झाला तो लोखंडी सळ्या वेल्ड करून पंधरा फुटांचा सांगाडा उभा करतो, वायपरची मोटर लावून डोळे फिरवतो, कागदाचे थर लावून स्नायू असे काढतो की बघत राहावं. महिनाभर रात्री दोनपर्यंत शिस्तीत काम करतात, कोणी भांडत नाही, का, तर हाताला काम आहे आणि कौतुक आहे. भांडण होतं ते सगळं बनवून झाल्यावर, चतुर्दशीच्या आदल्या रात्री, जेव्हा फक्त ढकलायचं आणि नाचायचं उरतं आणि पोटात दारू गेलेली असते.

तर आतापासून करायच्या गोष्टी. दिवाळीच्या आठवड्यात शांतता कमिटी करून काही होत नाही, चतुर्थी झाली की लगेच दोन्ही मंडळांच्या मोठ्या माणसांनी बसा. रस्ता ठरवा, कोण किती वाजता कुठल्या तिठ्यावरून जाणार ते कागदावर लिहा आणि ठाण्यात एक कॉपी द्या. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरचा नियम देशभर आहे, तो मोडून मोठमोठे बॉक्स लावायचे आणि मग एका वाड्याचा आवाज दुसऱ्या वाड्यावर चढवायचा, अर्धी भांडणं इथेच सुरू होतात, तुम्हालाही माहीत आहे ते. अडीच ते चार ह्या वेळेत जिथे दोन नरकासुर समोरासमोर येतात तिथे वाड्यावरच्या बायकांना चहाचं भांडं आणि फोव (पोहे) घेऊन बसायला सांगा. पोरगा कितीही प्यालेला असू दे, समोर मित्राची आई कप पुढे करून उभी असली की त्याचा दांडा खाली येतो, मी बघितलंय. आणि अठरा वर्षांखालच्या पोराला दारू पाजणारा मोठा माणूस कोण आहे ते तुम्हाला माहीत असतं, त्याला सरळ सांगा की बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ मध्ये त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

अजून एक. दोन्ही बाजूंची पोरं ज्याचं ऐकतात असा एक माणूस शोधा. तो बहुतेक वेळा आपल्याला आवडणारा नसतो. पूर्वी स्वतः राडे केलेला, कदाचित आत जाऊन आलेला, आता रिक्षा चालवतो किंवा जिम चालवतो असा कोणीतरी. शिकागोत २००० साली गॅरी स्लटकिन ह्या साथरोगांच्या डॉक्टरांनी ह्याच पद्धतीने काम सुरू केलं, त्याच वस्तीतली, त्याच वाटेने गेलेली आणि आता सुधारलेली माणसं घ्यायची, ती रात्री रस्त्यावर असतात, कोणाचं कोणाशी बिनसलंय हे त्यांना आधी कळतं आणि ती मधे पडून पोराला थंड करतात, त्या रात्रीपुरतं तरी. अशा माणसाला दोन गोष्टी द्या, मान आणि त्याच्या वेळेचे पैसे. आणि एक गोष्ट मागू नका, खबऱ्याचं काम. ज्या दिवशी पोरांना वाटेल की हा नावं ठाण्यात देतो त्या दिवशी तो संपला, आणि त्याच्या जिवालाही धोका.

नरकासुर जाळल्यानंतर काय, हा विचार केलाय का? ती वेल्डिंग करणारी पोरं अमावस्येपासून पुन्हा कठड्यावर बसलेली असतात. तुमच्या मंडळात गॅरेजवाले, फॅब्रिकेशनवाले असतीलच ना, एकेकाने एकेक पोरगा हाताखाली घ्यावा.

प्रश्न: मी हायस्कूलमध्ये पीटी शिकवतो. मुलं फार पटकन चिडतात, धक्का लागला की हात उचलतात. लेक्चर देऊन उपयोग होत नाही. वर्गात करता येईल असं काही? (डिचोली)

सर, एक खेळ सांगते, मी केलाय. दोन-दोन मुलांच्या जोड्या करा, एकाच्या हातात टेनिसचा चेंडू द्या आणि दुसऱ्याला सांगा, तीस सेकंदांत त्याच्या मुठीतून चेंडू काढून घे. बाकी काही सांगायचं नाही. मी केलं तेव्हा एका पोराने दुसऱ्याची बोटं उलटी केली, एकजण जमिनीवर चेंडू पोटाखाली घेऊन पालथा पडला आणि वर दुसरा बसला, शर्टाचं बटण तुटलं. मग अदलाबदल करून पुन्हा तेच. नंतर सगळे धापा टाकत बसले तेव्हा विचारलं, कोणी मागितला का रे चेंडू? मला दे म्हणून कोणी म्हटलं का? सगळे गप्प. मग चेंडूवाल्याला विचारलं, त्याने नीट मागितला असता तर? तो म्हणाला, दिला असता की, मला काय करायचाय चेंडू.

हा खेळ माझा नाही, शिकागोत मुलांसाठी बिकमिंग अ मॅन नावाचा कार्यक्रम आहे त्यातला. त्यावर २०१७ साली अभ्यास आला, कार्यक्रम चालू असताना त्या मुलांची हिंसक गुन्ह्यातली अटक जवळजवळ ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाली होती. मुलगा वाईट असतो म्हणून मारत नाही, त्याला त्या क्षणी दुसरं काही सुचत नाही म्हणून मारतो, आणि सुचायला सराव लागतो, जसा फुटबॉलला लागतो. तुम्ही पीटीचे सर आहात, सरावाचं महत्त्व तुम्हाला मी काय सांगू.

पण खेळ एकदा करून सोडू नका, दर आठवड्याला एक तास ठेवा, तोच गट, तेच सर. आणि जो मुलगा रोज चिडतो त्याच्या घरी एकदा जाऊन या. माझ्या अनुभवात दहापैकी पाचसहा घरांत बापाची दारू असते. तिथे आपण कमी पडतो असं वाटतं, पण आपल्या गोव्यातच संगाथ ही संस्था १९९६ पासून आहे, तिने दाखवून दिलंय की डॉक्टर नसलेली पण नीट ट्रेनिंग घेतलेली आपल्यातलीच माणसं डिप्रेशनमध्ये आणि जास्त पिणाऱ्यांच्या बाबतीत खरंच उपयोगी पडतात, त्यांचे अभ्यास लॅन्सेट ह्या डॉक्टरांच्या मासिकात छापून आलेत. मुलाचा राग कमी करायचा तर कधीकधी बापाला कोणाशी तरी बोलतं करावं लागतं. आणि हो, छडी नको. गोव्याच्या २००३ च्या बाल कायद्याने शाळेत मारण्यावर बंदी आहे हे तुम्हाला माहीत असेलच, पण मुद्दा तो नाही, ज्याला आपण मारून शांत केलं तो हेच शिकला की मारल्याने माणूस शांत होतो.

प्रश्न: सतरा वर्षांचा घोडा सुरा चालवतो आणि त्याला मूल म्हणायचं? सरळ जेलमध्ये टाका, बाकीचे आपोआप सुधारतील. (काणकोण)

तुमचा राग मी समजू शकते, ज्याच्या घरातला पोरगा इस्पितळात पडलाय त्याला तर जास्तच. पण कायदा काहीच करत नाही हे खरं नाही. २०१५ च्या कायद्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला, म्हणजे ज्याला कमीत कमी सात वर्षांची शिक्षा आहे असा, तर बाल न्याय मंडळ त्याची समज आणि परिस्थिती तपासतं आणि मोठ्यांसारखा खटला बाल न्यायालयात चालवायला पाठवू शकतं. पण कुठल्याही मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, चोवीस तासांत मंडळापुढे न्यावं लागतं, ठेवायचंच झालं तर मेरशीच्या अपना घरात. मंडळात मॅजिस्ट्रेट असतात आणि दोन समाजसेवक, त्यातली एक तरी बाई.

आणि जेलने बाकीचे आपोआप सुधारत नाहीत. बोस्टनमध्ये १९९६ साली ऑपरेशन सीझफायर सुरू झालं, तिथे पोलिसांनी धाक दाखवला, पण नुसता धाक नाही, टोळ्यांमधल्या मोजक्या पोरांना समोर बसवून एका बाजूला पोलीस म्हणाले पुढचा गोळीबार झाला तर तुमच्या अख्ख्या गटावर आम्ही येणार, आणि दुसऱ्या बाजूला पाद्री, समाजसेवक, वस्तीतली माणसं म्हणाली आम्हाला तुम्ही जिवंत हवे आहात, नोकरी, शाळा, जे लागेल त्याला आम्ही मदत करतो. तरुणांच्या खुनांचं महिन्याचं प्रमाण ६३ टक्क्यांनी खाली आल्याचा अभ्यास आहे. दोन्ही हात लागतात. आपल्याकडे एक हात सगळ्यांनाच मारायचा असतो आणि दुसरा पुढे करायला कोणी नसतं, मी हे रागाने लिहितेय.

प्रश्न: ताई मी १७ वर्षांचा आहे, गाव छापू नका. मी बॅगेत कटर ठेवतो. कोणाला मारायचं नाहीये, पण दोन महिन्यांपूर्वी चार जणांनी मला रस्त्यात अडवलं होतं, तेव्हापासून ठेवतो, सेफ्टीसाठी. घरी सांगितलं तर बाबा कॉलेज बंद करतील. मला नीट झोप लागत नाही. तुम्ही पोलिसांना सांगणार का?

नाही सांगणार, तुझं नाव मला माहीतही नाही आणि नकोय. पत्र लिहिलंस हे फार बरं केलंस बाळा, तुझ्या वयाच्या कितीतरी पोरांनी हेच लिहायला हवं होतं.

तुला भीती वाटते यात काही चूक नाही, चार जणांनी अडवलं तर मलाही वाटेल. पण कटरचं एक सांगते. तो बॅगेत असला की तू ज्या रस्त्याने जायला नको होतं त्या रस्त्याने जातोस, कारण मनात असतं की आहे माझ्याकडे. आणि बाहेर काढलास की परत आत ठेवता येत नाही, चार जण बघत असतात, समोरच्याकडेही असू शकतो. त्या दोन सेकंदांत तू ठरवत नाहीस काही. मडगावच्या त्या आईचं पत्र वर वाचलंस ना, तो मुलगाही कोणाला मारायचं म्हणून घेऊन आला नसेल.

आता काय करायचं. आज रात्री कटर बॅगेतून काढ. पाते तोडून कागदात गुंडाळून टाकून दे, मित्राला ठेवायला देऊ नकोस. ज्या रस्त्यावर अडवलं तो महिनाभर सोड, लांबून जा, हा पळपुटेपणा नाही, ट्रॅफिक जाम असला की आपण दुसऱ्या रस्त्याने जातो की नाही. एकटा जाऊ नकोस, तुझ्या बाजूला राहणारा कोणी असेल त्याच्याबरोबर बस धर. मग एक मोठा माणूस निवड, बाबा नसले तरी चालेल, मामा, मावशी, फुटबॉलचे कोच, कॉलेजात समुपदेशक येत असतील तर त्या, आणि त्याला हे पत्र दाखव, बोलायला जमत नसेल तर नुसतं वाचायला दे. त्या माणसाने बाबांशी बोलावं, तू नाही. रात्री झोप लागत नसेल तेव्हा १४४१६ वर फोन कर, टेलिमानस म्हणून सरकारी नंबर आहे, फुकट, आपल्या भाषेत बोलतात. कोणी पाठलाग करतंय, धमकी देतंय असं झालं तर १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे, आणि त्या क्षणाला अंगावर आले तर ११२.

आणि तुझ्या त्या निवडलेल्या मोठ्या माणसासाठी दोन ओळी, त्याने हे वाचलं तर: पोराला आधी ओरडू नका. तुम्ही का ठेवलास म्हणून विचाराल तर तो गप्प बसेल, कुठे अडवलं आणि किती वाजता, हे विचारा, ते तो सांगेल. आणि मग त्या जागी त्या वेळेला तुम्ही स्वतः जाऊन दहा मिनिटं उभे राहा.

पुढच्या महिन्यात मला परत लिही. नाव नको, गाव नको, झोप लागते की नाही तेवढंच लिहिलंस तरी चालेल.